वर्गणीच्या वहीशेजारी दुसरी वही

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशमूर्तीची प्रतिष्ठापना होते. दूर्वांची जुडी वाहून, मोदकांचा नैवेद्य दाखवून आपण हात जोडतो, आणि त्या क्षणी मनात जे मागणे उमटते ते बहुतेक घरांतून सारखेच असते. चौदा विद्या आणि चौसष्ट कला यांच्या अधिपतीपाशी आणखी काय मागावयाचे? मुलाबाळांना विद्या लाभो, लाभलेल्या विद्येला काम मिळो, आणि हाता-पायांत बळ आहे तोवर चार माणसांच्या उपयोगी पडता येवो. शिक्षण, उद्योग आणि सेवा या तीन गोष्टींतच सामान्य संसारी माणसाची प्रार्थना सामावलेली असते.

आमचे नम्र मत असे आहे की, या प्रार्थनेपैकी बरीचशी पुरी करण्याचे सामर्थ्य त्या मूर्तीसमोर आरतीला उभ्या असलेल्या माणसांतच वास करीत असते. अडचण एवढीच असते की मागणारा कोण आणि देऊ शकणारा कोण, याची एकमेकांना वार्ता नसते. संधी नसते असे नव्हे. संधीची ओळख करून देणारा कोणी नसतो. हे ओळख करून देण्याचे काम आपल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांनी वर्षभरासाठी अंगावर घ्यावे, एवढेच आजच्या मंगलदिनी आम्हांस सुचवावयाचे आहे.

एकाच आरतीत उभी असलेली माणसे

कोणत्याही आळीतील वा वसाहतीतील मंडळाच्या सायंआरतीला उभे राहून सभोवार पाहावे. गणित शिकविण्यात आयुष्य घालविलेले आणि आता दुपार कशी काढावी या विवंचनेत असलेले निवृत्त मुख्याध्यापक तेथे असतात. लेथवर काम शिकू इच्छिणारा होतकरू मुलगा मिळत नाही अशी तक्रार करणारे लहान कारखानदार असतात. पतपेढीत काम करणारी, कोणताही अर्ज अचूक भरून देऊ शकणारी भगिनी असते. आणि त्याच गर्दीत दहावीला गणितात अडलेला मुलगा असतो, बारावीनंतर पुढे काय करावे हे न कळून गप्प राहिलेली मुलगी असते, पतीच्या निधनानंतर पुरणपोळ्या करून संसार चालविणारी माउली असते. हे सारे जण एकाच तबकातील प्रसाद घेतात आणि आपापल्या दाराआड निघून जातात. मुख्याध्यापक आणि तो मुलगा यांच्या दारांत वीस पावलांचे अंतर असते. पण ते वर्षानुवर्षे ओलांडले जात नाही.

वास्तविक मंडळापाशी या सर्वांची दारे ठाऊक असलेली एक वही असतेच. ती म्हणजे वर्गणीची वही. कोणत्या मजल्यावर कोण राहतो, कोणाची बदली झाली, कोणाच्या घरी नवे बिऱ्हाड आले, याची जितकी बारीक माहिती वर्गणी गोळा करणाऱ्या तरुणांना असते तितकी सरकारी दप्तरातही नसेल. परंतु त्या वहीत नावापुढे केवळ आकडा लिहिला जातो. त्या घराला काय हवे आहे आणि ते घर काय देऊ शकेल, हे विचारण्याची प्रथा आपण पाडलेली नाही.

पूर्वजांची चाल

ही कल्पना नवी नाही. उलट, आपल्या समाजात ती वेगवेगळ्या रूपांनी नांदत आलेली आहे. गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावून जेवावे आणि पाठशाळेत शिकावे, ही चाल आपल्या आजोबा-पणजोबांना परिचित होती. माधुकरीच्या अन्नावर शिकून पुढे नावारूपाला आलेल्या माणसांची आपल्याकडे वाण नाही. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह या नावाने सुरू झालेली संस्था, जी आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून ओळखली जाते, ती या परंपरेतूनच उभी राहिली.

मात्र या चालीची मर्यादाही आपण प्रांजळपणे ओळखली पाहिजे. वार मिळत ते बहुधा आपल्याच जातीतल्या मुलाला. ज्याला ओसरीवरच येऊ दिले जात नव्हते, त्याला वार कोण देणार? ही उणीव ज्यांनी कृतीने भरून काढली त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, जेवू आणि शिकू लागली. वसतिगृह चालावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिनेच नव्हे, तर मंगळसूत्रही दिले. मुलांनी श्रम करावे आणि शिकावे, हा तेथला दंडक होता. त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नसे. पुढे १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना राहण्या-जेवण्याची सोय करून देतानाच स्वावलंबनाची सवय लावली.

शिक्षणाची जी गोष्ट, तीच उद्योगाची. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण उतरत असे तो आपल्या गावमंडळाच्या खोलीत. एका खोलीत अनेकांच्या वळकट्या, पाळीपाळीने झोप. पण गिरणीत जागा कोठे आहे ही बातमीही त्याला तेथेच मिळे. या एकट्या गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया सावकारी व्याजात बुडालेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट दाखविली. त्याआधी, १९५९ साली गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातूनच ‘लिज्जत’चा विस्तार झाला, हे आज सर्वश्रुत आहे.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आम्हांस दिसते. यांपैकी एकाही कार्याचा आरंभ मोठ्या निधीने झालेला नाही. कोणाला काय हवे आहे हे कोणीतरी जवळून पाहिले आणि ज्याच्यापाशी ते होते त्याचे दार ठोठावले, इतकीच ती सुरुवात होती.

दुसऱ्या वहीत काय लिहावे?

म्हणून आमची सूचना अशी की, यंदा प्रत्येक मंडळाने वर्गणीच्या वहीशेजारी एक दुसरी वही ठेवावी. तिच्या डाव्या पानावर ‘हवे आहे’ आणि उजव्या पानावर ‘देता येईल’ असे लिहावे. शिक्षण, काम आणि सेवा असे तिचे तीन भाग करावेत. वर्गणीसाठी दार ठोठावणाऱ्या कार्यकर्त्यांनी पावती फाडताना हे दोन प्रश्न अदबीने विचारावेत. विसर्जनानंतर आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून, मंडळाच्या खोलीत किंवा देवळाच्या सभामंडपात, दोन जबाबदार व्यक्तींनी ही वही घेऊन बसावे. त्यांपैकी एक स्त्री असावी, म्हणजे आळीतील भगिनी निःसंकोचपणे येतील.

शिक्षणाच्या भागात पुष्कळ काही करता येण्याजोगे आहे. शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसता येते, हे अनेक घरांत माहीत नसते. संसाराच्या व्यापात शिक्षण राहून गेलेल्या गृहिणीला १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे. आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास घटकांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. अशा सवलती कागदावर असतात. पण उत्पन्नाचा दाखला कोठे काढावा आणि अर्जाची मुदत केव्हा संपते, हे सांगणारे माणूस शेजारी नसले तर त्या कागदावरच राहतात.

कामाच्या भागात मोठमोठ्या नोकऱ्यांची स्वप्ने नकोत. कोणत्या दुकानात हिशेबनीस हवा आहे, कोणता वायरमन हाताखाली मुलगा घेईल, जवळच्या आय.टी.आय.मध्ये कोणते शिक्षणक्रम आहेत, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कोणत्या कारखान्यात विद्यावेतनासह शिकता येते, ही माहितीही लाखमोलाची असते. शिवाय मंडळातील तरुण या दहा दिवसांत जे करतात त्याचे मोलही आपण ओळखत नाही. पै-पैचा हिशेब ठेवणे, शेकडो माणसांची रांग न दुखावता लावणे, विद्युत्-रोषणाई उभारणे, पोलीस चौकीपासून पालिकेपर्यंत परवान्यांसाठी खेपा घालणे, हे सारे शिक्षणच होय. मंडळाने त्या मुलाला त्याने प्रत्यक्ष जे काम केले असेल त्याचे खरेखुरे पत्र द्यावे. पहिल्या नोकरीच्या दाराशी रिकाम्या हाताने उभ्या राहणाऱ्याला त्या पत्राचा आधार वाटेल.

सेवेचा भाग हा केवळ उदार मनाच्या श्रीमंतांसाठी असतो, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. अंध विद्यार्थ्याला परीक्षेसाठी नियमांत बसणारा लेखनिक लागतो. ते काम शाळकरी मूलही करू शकते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला औषध आणून देणे, रुग्णालयात रात्री सोबत बसणे, रक्तदात्यांची यादी अद्ययावत ठेवणे, यांस पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि ज्याला नोकरी नाही त्याच्यापाशी वेळ असतो. चार घरांत उपयोगी पडलेला मुलगा चार घरांना ठाऊक होतो. सेवेची वाट पुष्कळदा कामापर्यंत जाते, ती अशी.

मोठ्या मंडळांनी या दिशेने पावले टाकलेली आहेतच. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टने गरजू विद्यार्थ्यांचे पालकत्व घेण्याची योजना चालविली, लालबागच्या मंडळाने रुग्णांसाठी डायलिसिस केंद्र उभारले, ही गौरवाची बाब आहे. परंतु ज्या मंडळाची सारी वर्गणी मांडव आणि मूर्ती यांतच संपते, त्यालाही वही ठेवणे परवडते, हा आमचा मुद्दा आहे.

वशिल्याचा धोका

यावर एक आक्षेप निश्चित येईल, आणि तो टाळून चालणार नाही. अशी वही म्हणजे वशिल्याचे नवे दुकान तर होणार नाही ना? अध्यक्षांच्या भाच्याला नोकरी आणि इतरांना तीर्थप्रसाद, असे तर घडणार नाही ना? ही भीती निराधार नाही. गिरण्यांच्या काळात ओळखीने काम मिळे हे खरे; पण काम देणारा जॉबर त्यासाठी हात ओले करून घेई, हेही तितकेच खरे.

यावर उपाय नियमांचा आहे. पहिला नियम हा की, या वहीतील कोणत्याही व्यवहारात मंडळाने एक पैसाही घेऊ नये. नोकरी लावतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांचा आज सुळसुळाट झालेला आहे. अशा माणसाचे नाव वहीत चढता कामा नये. दुसरा नियम, ‘देता येईल’ हे पान सर्वांना वाचता यावे, फलकावरही लागावे. ‘हवे आहे’ हे पान मात्र त्या दोन व्यक्तींपलीकडे जाऊ नये. कोणाच्या घरची चूल पेटत नाही, ही आरतीनंतर चघळण्याची गोष्ट नव्हे. तिसरा नियम, मंडळाने माहिती द्यावी, ओळख करून द्यावी. निवड कोणाची करावयाची हे काम देणाऱ्यावर सोडावे.

आणि चौथा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याने वर्गणी दिली नाही त्याचेही नाव या वहीत आले पाहिजे. भाडेकरू असो, अन्य जातीचा वा धर्माचा असो, कालच आळीत राहावयास आलेला असो. वर्गणी न देणारा पुष्कळदा देऊ न शकणारा असतो. त्यालाच जर वगळले, तर सात वारांच्या जुन्या चालीत जो दोष होता तोच आपण नव्या शाईने पुन्हा लिहू.

हे काम शासनाचे आहे, असेही कोणी म्हणतील. शासनाची रोजगार मार्गदर्शन केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि त्यांची जबाबदारी कमी करावी असे आम्ही सुचवीत नाही. परंतु जिल्ह्याच्या गावी असलेल्या खिडकीपर्यंत जाण्याचे धैर्य ज्याला होत नाही, त्याला तेथवर सोबत करणारा शेजारी हवाच. ती सोबत शासन देऊ शकत नाही.

लोकमान्यांनी १८९३ साली ‘केसरी’तून या उत्सवाच्या सार्वजनिक रूपाचा पुरस्कार केला, तो घरातील देवापुढे एकेकटे हात जोडणारी माणसे एका मांडवाखाली यावीत म्हणून. ती आली. आता मांडव उतरल्यावरही ती एकमेकांना ओळखत राहावीत, एवढे आपल्या पिढीने करावे. अनंत चतुर्दशीला ‘पुढच्या वर्षी लवकर या’ असे म्हणून आपण परत फिरू, तेव्हा त्या पुढच्या वर्षापर्यंत आळीतील एका तरी मुलाचे अडलेले शिक्षण मार्गी लागावे, एका तरी घरात मिळवता हात वाढावा, आणि ती दुसरी वही कोरी राहू नये, हीच त्या विघ्नहर्त्याच्या चरणी आमची प्रार्थना आहे.