लेकीच्या बाळंतपणाला आई 'पाहुणी'?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सल्ला केंद्रात वाळवा तालुक्यातल्या एक बाई आल्या. साठीच्या, विधवा. पिशवीतून इंग्रजी पत्र काढून म्हणाल्या, "ताई, काय लिवलंय तेवढं सांगा." लेक ब्रिटनमध्ये लेस्टरला नर्स. पहिलं बाळंतपण, जावयाला रात्रपाळी. बाईंना तीन महिने जायचं होतं. व्हिसा नाकारला. कारण काय? नावावर मिळकत नाही, उत्पन्नाचा पुरावा नाही. तेव्हा त्या परत जातील अशी अधिकाऱ्याची खात्री पटत नाही.

पत्र वाचून माझा संताप झाला. चाळीस वर्षं या बाईने भांगलण केली, गोठा सांभाळला. सातबाऱ्यावर नाव मात्र आधी सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं. नवरा गेल्यावर हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेऊन जमीन मुलाच्या नावे झाली. इथल्या पुरुषसत्तेने जे तिच्याकडून काढून घेतलं, ते तिच्याकडे नाही म्हणून तिकडचं सरकार तिला शिक्षा करतं!

आणि दाद कुठे मागायची? ब्रिटनने भेटीला येणाऱ्यांचा अपिलाचा हक्क 1993 साली काढून घेतला, 2000 साली नातेवाइकांपुरता परत दिला आणि 2013 साली पुन्हा काढला. आता दार एकच, मानवी हक्कांचं. युरोपीय मानवी हक्क करारातलं आठवं कलम कौटुंबिक जीवनाचा आदर राखायला सांगतं. पण कुटुंब कोणाला म्हणायचं? 2003 साली कुगथास खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं, की सज्ञान मुलं आणि आईबाप यांच्यात नेहमीच्या मायेपलीकडे काही, म्हणजे प्रत्यक्ष आधाराचं नातं दिसलं पाहिजे. नवरा-बायको हे कुटुंब. बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणारी आई मात्र पाहुणी! 1979 साली हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या भारतीय स्त्रीची 'कौमार्य चाचणी' करणारी हीच व्यवस्था. बाईच्या शब्दावर अविश्वास हा तिचा जुना रोग आहे.

काही मैत्रिणी म्हणतात, हा परदेशी लेकी असणाऱ्यांचा प्रश्न, आपला नव्हे. मला हे मान्य नाही. बाईचे श्रम आणि बाईची माया हिशेबात न धरणं हाच तर आपला प्रश्न आहे.

म्हणून अशी केस आली तर एजंटाच्या नादी लागू नका. पहिल्या अर्जातच मानवी हक्कांचा मुद्दा स्पष्ट लिहा. डॉक्टरांचं पत्र, पैसे पाठवल्याच्या पावत्या, रोजच्या फोनच्या नोंदी जोडा. आधार सिद्ध होतो तो यातूनच. 'अपील नाही' असं नकारपत्रात असलं तरी हक्क आहे की नाही हे शेवटी न्यायाधिकरण ठरवतं. भारतातून अपिलाला 28 दिवस मिळतात. फी कागदोपत्री निकालासाठी 80 पौंड, सुनावणीसाठी 140. आणि गावोगावच्या बैठकांत एवढं तरी सांगा : न वाचता हक्कसोडपत्रावर अंगठा देऊ नका.

आम्ही अपील केलं आहे. तारीख अजून लागलेली नाही. नातू बसायला लागला. आजीने शिवलेली कुंची त्याला आता लहान होईल.