विज्ञानाच्या गप्पा : पू हिरवट का असतो?

मंडळी, पू हिरवट का दिसतो? रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात आणि आतल्या आत हायपोक्लोरस आम्ल बनवून मारतात. हे आपल्या घरच्या ब्लीचचे सख्खे भावंड! (आम्हा केमिस्टांना याचे भारी कौतुक.) ते बनवणारे एन्झाइमच हिरवे असते.

या पेशी अल्पायुषी. अस्थिमज्जा रोज अब्जावधी नव्या घडवते. केमोथेरपीत नेमके हेच काम मंदावते. मग जंतू शिरले तरी पू नाही, फारशी सूजही नाही. कधी कधी ताप एवढीच खूण. म्हणून केमो चालू असलेल्यांना १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीच डॉक्टरांना फोन करा. आणि भेटायला जाताना स्वतःला सर्दी असेल, तर पोळीभाजीचा डबा दाराशी ठेवून परत फिरा.