कुवेतमधील घरकाम सुटताना: मालकाची देणी कोणती आणि भारत सरकारची मदत कुठे

घरकामासाठी कुवेतला गेलेल्या व्यक्तीला मालकाने कामावरून काढले, की दोन प्रश्न एकदम उभे राहतात. राहिलेला पैसा मिळणार का, आणि परतीचे तिकीट कोण काढणार? आपण स्वतः तिथे कामाला असाल किंवा आपल्या घरातले कोणी असेल, तर ही माहिती काम चालू असतानाच वाचून ठेवा.

आधी कायदा कोणता ते पाहू, कारण गोंधळ इथूनच सुरू होतो. कुवेतचा २०१० चा कामगार कायदा घरकामगारांना लागू नाही. तिथल्या दुकानात किंवा कंपनीत असलेले नातेवाईक ‘तीन महिन्यांची नोटीस मिळते’ असे सांगतात. मासिक पगारावरच्या त्यांच्या नोकरीला ते लागू आहे, आपल्याला नाही. स्वयंपाकी, मुले सांभाळणारी बाई, घरचा चालक यांच्यासाठी २०१५ चा ६८ क्रमांकाचा वेगळा कायदा आहे. आपला निवास परवाना कलम २० खालचा असेल, तर आपण याच कायद्यात येता. कलम १८ चे परवाने खासगी कंपन्यांतील कामगारांसाठी असतात.

या कायद्याने दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, आठवड्याला एक सुट्टी आणि भरपगारी वार्षिक रजा ठरवून दिली आहे. मालकाने पासपोर्ट स्वतःकडे ठेवण्यास मनाई आहे. करार संपल्यावर सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. म्हणजे पगार १०० दिनार आणि सेवा दोन वर्षांची असेल, तर २०० दिनार. थकलेला पगार याहून वेगळा; त्याला ‘हिशेबात धरले’ असे कोणी म्हणाले तर मान्य करू नका. परतीच्या तिकिटाची जबाबदारी साधारणपणे करारात मालकावर टाकलेली असते. आपल्या प्रतीत ती अट कशी लिहिली आहे, हे आजच पाहून घ्या.

कागदावर हे सगळे ठीक दिसते. अडचण अशी, की घरकामगाराचा निवास परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. वाद झाला आणि कामगार घराबाहेर पडला, तर मालक ‘पळून गेली’ अशी नोंद करू शकतो. मग पगाराची तक्रार मागे पडते आणि आधी स्वतःच्या वास्तव्याचाच खुलासा करावा लागतो. म्हणून घर सोडायची वेळ आलीच, तर मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन राहण्यापेक्षा सरळ भारतीय दूतावास गाठावा किंवा तिथल्या मनुष्यबळ प्राधिकरणाच्या घरकामगार विभागात तक्रार नोंदवावी. समेट झाला नाही, तर हा विभाग प्रकरण न्यायालयाकडे पाठवतो.

दुसरा धोका सहीचा. निघण्याच्या दिवशी अरबी कागद पुढे येतो आणि विमानाची घाई असते. ‘सर्व रक्कम मिळाली’ असे लिहिलेल्या कागदावर सही झाली, की नंतर दावा सांगणे फार अवघड जाते. पैसे हातात पडल्याशिवाय किंवा खात्यात दिसल्याशिवाय सही करू नका. पगार बँकेतून घेण्याचा आग्रह पहिल्या महिन्यापासून धरावा तो यासाठीच. रोखीत घेतलेल्या दोन वर्षांच्या पगाराचा पुरावा कुठून आणणार?

भारताच्या बाजूने काय आहे? १० जून २०२१ रोजी भारत आणि कुवेत यांच्यात घरकामगारांविषयी सामंजस्य करार झाला. दोन्ही देशांची संयुक्त समिती आणि कामगारांना चोवीस तास मदत अशा तरतुदी त्यात आहेत. प्रत्यक्ष पैशाच्या दृष्टीने मात्र प्रवासी भारतीय विमा योजना अधिक कामाची आहे आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ही पॉलिसी म्हणजे केवळ अपघाती मृत्यूचे १० लाख रुपये, असा बहुतेकांचा समज असतो. पण कामगाराची चूक नसताना मुदतीआधी काम संपवले गेले, तरी परतीच्या एकेरी विमानभाड्याची भरपाई या योजनेतून मिळते. अट एकच: परतण्याचे कारण भारतीय दूतावासाने प्रमाणित केलेले हवे. गावी पोहोचल्यावर हे प्रमाणपत्र मिळवणे कठीण, म्हणून निघण्यापूर्वीच ते घ्या. परदेशातील नोकरीसंबंधी खटल्याचा खर्चही काही मर्यादेपर्यंत योजनेत येतो. त्यालाही दूतावासाचा दाखला लागतो.

पॉलिसी नसेल, तर भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. यातून गरजूंना तात्पुरता निवारा आणि परतीचे तिकीट दिले जाते; मदत परिस्थिती पाहून ठरते. कुटुंबीयांना भारतातूनच ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव आणि कराराची प्रत जवळ हवी, म्हणजे या तिन्हींचे फोटो आधीच घरच्या मोबाइलवर असावेत.

विमा आणि नोंदवलेला करार या दोन्ही गोष्टी ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून गेलेल्यांनाच मिळतात. पर्यटक व्हिसावर नेऊन तिथे काम लावून देणारा दलाल नेमके हेच टाळतो. इमिग्रेशन तपासणी आवश्यक असा पासपोर्ट असलेल्या महिलेला घरकामासाठी जायचे असेल, तर वय किमान ३० वर्षे हवे आणि भरती सरकारी संस्थेमार्फतच व्हायला हवी. कोणी याहून सोपा रस्ता दाखवला, तर पैसे देण्याआधी मुंबईच्या किंवा आपल्या भागातील उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात चौकशी करा.