रिकामी खोली

रिकामी खोली बघवत नाही असे जगात दोनच जीव आहेत. एक कोळी आणि दुसरा मराठी मध्यमवर्ग. कोळी निदान जाळं विणून गप्प बसतो. आपण तिथे आधी कपाट ठेवतो, कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या, आणि पाहुणे आले की "जागाच नाही हो आमच्याकडे" म्हणून हळहळतो. सोसायटीच्या हॉलची तीच गत. बारसं, मुंज, साखरपुडा, साड्यांचा सेल आणि वार्षिक सभेतली भांडणं, सगळ्याला तो मिळतो. पण एखाद्या मुलीनं जाऊन म्हणू दे, "काका, आम्हा पाच जणांना दुपारी हा हॉल हवाय. महिनाभर. आम्ही नवीन नाच शोधणार आहोत." सेक्रेटरीकाका चष्मा पुसतील आणि विचारतील, "शोधणार म्हणजे? हरवलाय का?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

नवीन नाच बसवणाऱ्यांना काही आठवडे एक खोली, थोडं मानधन आणि पुष्कळशी शांतता द्यायची आणि बदल्यात लगेच काहीच मागायचं नाही, अशी एक पद्धत आहे. तिला रेसिडेन्सी म्हणतात. हा शब्द बिल्डरांनी आधीच पळवून नेल्यामुळे घोटाळा होतो. मी एक रेसिडेन्सी बघायला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी चटकन विचारलं, "टू बीएचके आहेत का हो? आणि पार्किंग?" खरं तर कल्पना आपल्याला नवी नाही. पावसाळ्याचे चार महिने साधूंनी एका जागी राहावं म्हणून चातुर्मास होता. गवयांचा चिल्ला होता : चाळीस दिवस दार लावून घ्यायचं आणि रियाज करायचा. त्या चाळीस दिवसांत खाँसाहेबांनी 'आउटपुट' किती दिलं, असं कुणी दार वाजवून विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तर मी त्या स्टुडिओत पाच-सहा दुपारी जाऊन बसलो. तिथे काय दिसतं ते आधीच सांगतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. पहिला पाऊण तास एक मुलगी जमिनीवर आडवी असते. ती झोपलेली नसते. ती 'वजन सोडत' असते. मग उठते, चार पावलं चालते, एक खांदा मागे टाकते आणि थांबते. कोरिओग्राफरबाई वहीत काहीतरी लिहितात आणि म्हणतात, "परत." हे "परत" एका दुपारी मी सत्तावीस वेळा मोजलं. आठव्या खेपेला हात कोपरातून निघत होता. सतराव्या खेपेला तो पाठीतून निघायला लागला. आणि पंचविसाव्या खेपेला हात दिसेनासाच झाला. मागून कुणीतरी हाक मारली आहे आणि वळावं की नाही ते ठरत नाही, असं एक माणूस तेवढं दिसायला लागलं. संगीत विचाराल, तर अजिबात नाही. नुसतं "पाच, सहा, सात, आठ". जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या फुल्या, भिंतीशी पाण्याच्या बाटल्या आणि कोपऱ्यात खुर्चीला टेकवून ठेवलेला मोबाईल, सगळं टिपून घेणारा. कारण शरीराला सुचलेलं शरीरच दहा मिनिटांत विसरतं.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलाला एक पडणं सापडलं. दोरीवर वाळत घातलेली साडी आपसूक घसरावी तसा तो उभ्याचा खाली येई. बघणारे आम्ही चौघे होतो, चौघांच्याही तोंडून "वा!" निघून गेलं. बाई म्हणाल्या, "फार सुंदर आहे. म्हणूनच काढून टाकू या. लोक ते पडणं तेवढं घरी घेऊन जातील आणि बाकीचं सगळं इथेच राहील." मुलगा काही बोलला नाही. बाटलीतलं अर्धं पाणी प्याला आणि परत आपल्या फुलीवर जाऊन उभा राहिला.

रंगमंचावर जे उरतं त्याला टाळ्या मिळतात. जे काढून टाकलं त्याला टाळ्या कोण देणार? ते फक्त त्या खोलीत बघायला मिळतं. माझ्या मते तिथे जायचं ते एवढ्याचसाठी.

पण आपली मंडळी जातात ती प्रश्न विचारायला. शनिवारी दार सगळ्यांना उघडं असतं. अर्धमुर्धं झालेलं दाखवतात, मग चहा आणि चर्चा. पहिला प्रश्न : "याचा अर्थ काय?" दुसरा : "यातून समाजाला संदेश काय?" तिसरा गृहस्थ "मी प्रश्न विचारत नाहीये, फक्त दोन मुद्दे मांडतो" म्हणून उठतो आणि सहावा मुद्दा संपायच्या आत खाली बसत नाही. सगळ्यांत जीवघेणा प्रश्न मात्र एखाद्या प्रेमळ काकू विचारतात. "छान केलंस हो बाळ. पण पोटापाण्यासाठी काय करतोस?" मुलं खरं तेच सांगतात. सकाळी सातला झुंबाचे क्लास, डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं आणि लग्नसराईत संगीत. म्हणजे नवऱ्यामुलाच्या आत्याला चार दिवसांत कंबर हलवायला शिकवायचं. हे ऐकून काकूंचा जीव भांड्यात पडतो. "अगंबाई, मग आमच्या धाकट्याच्या लग्नाला येशील का?" नवीन नाच एकीकडे राहतो आणि संगीताची तारीख पक्की होते.

आता शिवाजी पार्कावर जाऊन बघा. नेटच्या मागे दादरकर तासन् तास उभे असतात. समोर कुणी कोवळा पोरगा एकच चेंडू वीस वेळा सोडतो, वीस वेळा चुकतो. "या फटक्याचा अर्थ काय?" असं कुणी विचारतं? "आज एकंदर किती धावा निघाल्या?" असं विचारतं? नेट चुकण्यासाठीच असतं, हे क्रिकेटच्या बाबतीत आपल्याला जन्मतःच कळलेलं असतं. नाचाला मात्र नेट नको. एकदम सेंच्युरी दाखवा.

आपल्याला परदेशचा दाखला दिल्याशिवाय काही पटत नाही, म्हणून तोही देतो. जॉर्ज बॅलन्शिनने १९३४ साली न्यूयॉर्कला 'सेरेनेड' बसवायला घेतला. पहिल्या दिवशी सतरा मुली आल्या म्हणून त्याने सुरुवातच सतराजणींची केली. एक मुलगी तालमीला उशिरा आली, ते उशिरा येणं त्याने नाचात घातलं. एक पडली, ते पडणंही घातलं. तो बॅले अजून जगभर होतो. आपल्याकडे त्या मुलीला लेट मार्क मिळाला असता आणि विषय संपला असता. मर्स कनिंगहॅम तर कुठल्या हालचालीनंतर कुठली घ्यायची हे नाणी उडवून ठरवायचा. वुपर्टालची पीना बाऊश नर्तकांना आधी पावलं द्यायचीच नाही, प्रश्न विचारायची, आणि मिळालेल्या उत्तरांतली बरीचशी टाकून द्यायची. आणि टेड शॉन हा गृहस्थ १९३३ च्या उन्हाळ्यात जेकब्ज पिलो नावाच्या आपल्या शेतावर चालू काम लोकांना बोलावून दाखवत असे. तिथे चहा नर्तकच आणून देत. प्रेक्षकाच्या हातात कप दिला की तो थोडा वेळ तरी प्रश्न विचारत नाही, हे शॉनला आधीच कळलं असावं.

आपल्याकडे हे कधी नव्हतंच असंही नाही. उदय शंकरांनी १९४० च्या आगेमागे अल्मोड्याला केंद्र काढलं. ते चार-पाच वर्षांत बंद पडलं. हिशेबनीस म्हणतील, पैसे बुडाले. पण तिथे शिकलेला एक पोरगा १९४४ साली पुण्याला 'प्रभात'मध्ये आला, त्याचं नाव गुरु दत्त. हा कुठल्या रकान्यात मांडायचा? त्याच सुमाराला अंधेरीला 'इप्टा'चं पथक एकत्र राहून, एकत्र जेवून नाच बसवत होतं. त्यात शांती बर्धन होते. पुढे क्षयाने पोखरलेल्या अंगाने त्यांनी नर्तकांना कठपुतळ्यांसारखं हलवून 'रामायण' उभं केलं, आणि १९५४ साली ते गेले. चंद्रलेखा आपल्या वाड्यात जन्मल्या. म्हणजे पुण्याच्या वाड्यात नव्हे, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावात. पण 'अंगिका' (१९८५) आणि 'शरीर' (२००१) झालं ते मद्रासला. समुद्राकाठी त्यांची स्वतःची मोकळी जागा होती. आपल्याकडे समुद्रकाठ कमी आहे असं नाही. मोकळी जागा कमी आहे.

हल्ली खोलीसाठी अर्ज करायचा झाला तर काय होतं? असा एक छापील अर्ज मी पाहिला आहे, कुणाचा ते सांगत नाही. 'प्रस्तावित नृत्याचे मिनिटवार वर्णन.' 'अपेक्षित फलनिष्पत्ती.' 'लाभार्थींची संख्या.' तीन प्रतींत. अहो, मिनिटवार माहीत असतं तर त्या मुलीने खोली कशाला मागितली असती? कोलंबसाकडून बोटीत बसायच्या आधी अमेरिकेचा नकाशा मागण्यातला हा प्रकार आहे.

बरं, ती मुलं मागतात तरी काय? आरसे नकोत, एसी नको. लाकडी जमीन हवी, तीही खाली पोकळी ठेवून बसवलेली. म्हणजे उडी मारून खाली आलं की जमीन थोडी दबते. फरशी दबत नाही. मग गुडघा दबतो. तिशीच्या आत गुडघ्याला पट्ट्या बांधून नाचणारी मुलं मी त्या स्टुडिओत पाहिली. ते गुडघे फरशीवर झिजलेले होते, आणि ती फरशी आपल्याच सोसायट्यांच्या हॉलांतली होती.

"पण समजा, महिनाभर खोली दिली आणि शेवटी काहीच निघालं नाही तर?" नाही निघणार. कधी कधी नाहीच निघणार. पहिलं घावन तव्याला चिकटतं म्हणून कुणी तवा विकत नाही. ते खरवडून टाकायचं आणि दुसरं घालायचं. पाहुण्यांच्या पानात जाळीदार घावन पडतं ते त्या खरवडलेल्या घावनाच्या पुण्याईवर. आपल्याला जाळी हवी असते, खरवडलेलं कुणी बघायचं नसतं, आणि पिठाचे पैसे तर कुणीच द्यायचे नसतात.

तेव्हा सेक्रेटरीसाहेब, ठराव मांडतो. दुपारी दोन ते पाच आपला हॉल रिकामाच असतो. तिथे त्या वेळी फक्त प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पाय मोडलेला कॅरम बोर्ड राहतो. खुर्च्या गच्चीवर न्या, जमत असेल तर खाली लाकूड घाला, आणि चावी त्या मुलीला द्या. महिन्यातून एक शनिवार दार उघडं ठेव म्हणावं, आम्ही बघायला येऊ. आत येताना चपलांबरोबर "याचा उपयोग काय?" हा प्रश्नही आपण बाहेर काढून ठेवू. परत जाताना तो जागच्या जागी असेल. चपला जातात, असला प्रश्न कुणी चोरून नेल्याचं अजून ऐकलेलं नाही.