विश्लेषण : इसेन्शियल ऑइलने महिलांचा थकवा खरंच जातो? सुगंध घ्या, पण दावा तपासा

रील्स पाहताना मध्येच एक छोटी काचेची बाटली येते. 'पाळीचा त्रास, मूड स्विंग्ज, थकवा... दोन थेंब पुरेत!' घर, ऑफिस आणि लोकलच्या गर्दीत दमलेल्या बाईला ही जाहिरात नेमकी गाठते. माझा विरोध तेलाला नाही. लॅव्हेंडरची एक बाटली माझ्या टेबलावरही आहे. आक्षेप त्यावरच्या दाव्यांना आहे.

हे तेल म्हणजे नेमकं काय?
पानाफुलांमधून वाफ सोडून त्यांचा उडून जाणारा सुगंधी अर्क वेगळा काढतात. सर्दीत वापरतो ते निलगिरी तेल त्यातलंच. 'फ्रॅग्रन्स ऑइल' मात्र बहुतेकदा कृत्रिम असतं. म्हणून लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का, ते पाहा.

फायदा होतो का?
थोडाफार. लॅव्हेंडर मिसळलेल्या तेलाने मालिश केल्यावर पाळीतली पोटदुखी कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं. पण आराम तेलाने मिळाला, मालिशने की निवांत मिळालेल्या १० मिनिटांनी? हे वेगळं काढणं कठीण, कारण वास लपवून चाचणी घेता येत नाही. 'हार्मोन्स बॅलन्स' होण्याला तर भक्कम पुरावा नाही.

वापरताना काय काळजी घ्यावी?
- तेल थेट त्वचेवर लावू नका. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात १० ते १२ थेंब पुरे.
- आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास थांबा.
- बर्गमॉट किंवा लिंबाचं तेल लावून उन्हात जाऊ नका, त्वचा भाजू शकते.
- पोटात घेऊ नका. निलगिरी किंवा कापराचं तेल लहान मुलाच्या पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.
- गरोदर असाल किंवा दमा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मग खरा धोका कुठे?
वेळ वाया जाण्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. सततच्या थकव्यामागे तो असू शकतो किंवा थायरॉइड. डिफ्युझर लावून हिमोग्लोबिन वाढत नाही.

पाळीचे विकार बरे करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने मनाई आहे. 'उपचार'ऐवजी 'वेलनेस' म्हटलं की ही मनाई चुकवता येते, असा विक्रेत्यांचा समज दिसतो. अशा शब्दांच्या खेळावरही कारवाई व्हायला हवी.

तोवर साधा हिशेब ठेवा. दिवस संपताना छान वाटावं म्हणून तेल जरूर वापरा. पण थकवा दोन-तीन आठवडे हटत नसेल, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल किंवा दुखण्यामुळे सुट्टी घ्यावी लागत असेल, तर पुढच्या बाटलीचे पैसे रक्ततपासणीवर खर्च करा.