वृद्धाश्रमातील न सांगितलेले दुखणे

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजी-आजोबा व ज्येष्ठांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या निमित्ताने वृद्धाश्रमांत फळे पोहोचतात. मनाची विचारपूस क्वचितच होते. केंद्र शासनाच्या २०१७-१८ मधील ‘लासी’ पाहणीत साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्य आढळले. आधी निदान झालेले होते अवघे ०.८ टक्के!

उरलेले काय सांगतात? जेवण जात नाही, झोप लागत नाही, गुडघे दुखतात. आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. वसईत आणखी एक अडसर आहे. ज्यांचा जन्म केळीच्या वाडीत, सामवेदी वा वाडवळी बोलीत गेला, त्यांची चौकशी आश्रमात बहुधा प्रमाण मराठीत वा हिंदीत होते. मनातले दुखणे त्या भाषेत उमटत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांसाठी औषधोपचार आहेत, करमणुकीची साधनेही आहेत. बोलीचा उल्लेख कुठून असणार?

ते काम धर्मग्रामाचे. आजाऱ्यांना कम्युनियन घेऊन जाणाऱ्यांनी अर्धा तास अधिक बसावे, घरच्या बोलीत बोलावे. दोन आठवडे उदासी हटली नाही, तर डॉक्टरांना कळवावे. शासनाची विनामूल्य टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.