बर्फ नव्हे, धुके!

दिवाळीच्या सुटीत एकदा उजाडण्यापूर्वी लोहगड चढून पाहा. खाली पवनेच्या खोऱ्यात धुके साचलेले असते आणि तुंग-तिकोना तेवढे बेटांसारखे वर दिसतात. सूर्य वर येतो, सारे क्षणभर गुलाबी होते, अन् नेमका तेव्हाच कॅमेरा सरसावलेला कोणी ओरडतो, "अगदी काश्मीर!"

मला याचा संताप येतो. मावळात बर्फ पडत नाही, यात कमीपणा कसला? लोहगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला, तो लोहगड म्हणूनच ना? कॅमेरा पांढऱ्याला करडे करतो. म्हणून बर्फाप्रमाणे धुक्यालाही प्रकाश थोडा जास्त द्यावा, हे मान्य. पण पुढे घरी बसून धुक्याचे बर्फ करणे ही शुद्ध लबाडी!

त्या धुक्याखाली पवना धरण आहे, त्यात बुडालेल्या जमिनी आहेत, काठावर भात कापणारी माणसे आहेत. बर्फाच्या चित्रात त्यांना जागा कोठली?

वर्गात मी मुलांना एवढेच सांगतो : पहिले छायाचित्र खुशाल काढा. मग तासभर थांबा, धुके विरू द्या आणि दुसरे काढा. आपला मावळ त्या दुसऱ्यात असतो.